डोळ्यामागचे पाट

सकाळी आरशापुढे उभे राहावे आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागात कुंकवाच्या बोटासारखा लालभडक डाग दिसावा, म्हणजे भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. दुखत नाही, खुपत नाही, दिसायलाही कमी नाही. पण घर घाबरते. शेजारच्या काकू 'उष्णता झाली' म्हणून गुलाबपाणी सुचवतात, कोणी एरंडेलापर्यंत जातो. वास्तविक झालेले असते एवढेच, की पांढऱ्या पटलावरच्या पातळ आवरणाखालची केसाएवढी एखादी रक्तवाहिनी शिंकेने, ढासेने, जड ट्रंक उचलल्याने किंवा काही कारण नसतानाही फुटते आणि थेंबभर रक्त पसरते. मार लागलेला नसेल तर हा डाग दोन आठवड्यांत आपणहून पुसला जातो. पुन्हा पुन्हा येऊ लागला तर रक्तदाब तपासून घ्यावा आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. यापलीकडे उपचार नाही.

पण यात एक विपरीत गोष्ट आहे. डोळ्याचे जे रक्त आपल्याला भिवविते ते बहुधा निरुपद्रवी असते. आणि ज्या बिघाडाने खरोखर दृष्टी जाते तो मागच्या अंधारात, न दुखता, कोणाला न दिसता घडतो. म्हणून यंदा या सदरात डोळ्याच्या मागे जाऊन तिथले रक्ताचे पाट कोठून येतात आणि कोठे जातात, ते पाहू.

जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या बाजूला बोट टेकले, की ठोके लागतात. ती ग्रीवा रोहिणी. रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नळी आणि नीला म्हणजे रक्त परत आणणारी, हे शब्द शाळेच्या शरीरशास्त्रात शिकलेल्या वाचकांना आठवतील. धमनी आणि शीर म्हटले तरी चालेल. या ग्रीवा रोहिणीचे तिथेच दोन फाटे होतात. बाहेरचा चेहऱ्याकडे जातो, आतला कवटीच्या तळातून मेंदूकडे. हा आतला फाटा डोळ्यांच्या खोबणीमागे असलेल्या रक्ताच्या एका डोहातून नागमोडी वळणे घेत बाहेर पडतो आणि बाहेर पडताक्षणी पहिला मोठा पाट सोडतो, तो डोळ्याचा. ही नेत्ररोहिणी. जाडी म्हणाल तर सुमारे दीड मिलिमीटर. मेंदूच्या कालव्याला फुटलेला हा पहिला पाट आहे, एवढे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

डोळ्याची खोबण म्हणजे सात हाडांनी मिळून केलेली, आत निमुळती होत गेलेली सुमारे ४.५ सेंटिमीटर खोल गुहा. तिच्या टोकाशी एक भोक आहे आणि त्यातून दृष्टीचा मज्जातंतू मेंदूकडे जातो. नेत्ररोहिणी याच भोकातून मज्जातंतूच्या खालून, बाहेरच्या अंगाने आत शिरते. मग मज्जातंतूला ओलांडून नाकाच्या बाजूला येते. बहुतेकांत ती वरून ओलांडते, काहींत खालून. जाता जाता ती अश्रुपिंडाला, डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंना, पापण्यांना रक्त देते. नाकाच्या बाजूची भिंत तर कागदासारखी पातळ आहे. तिच्यातल्या बारीक भोकांतून हिच्या दोन शाखा नाकाच्या पोकळ्यांत उतरतात. आणि शेवटी भुवयांच्या मधोमध, जिथे आपण गंध लावतो त्या जागेच्या दोन्ही बाजूंनी, तिची टोके खोबणीबाहेर येऊन कपाळावर चढतात.

या कपाळावरच्या टोकांशी आपल्या पुण्याचा फार जवळचा संबंध आहे. १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' या मासिकात एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठा गडी, त्याचे नाव तिथे कावसजी असे दिले आहे, १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर बिननाकाने काढल्यावर पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज सर्जनांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली होती. कारागिराने मेणाचे नाक करून कापलेल्या जागी बसते का पाहिले; मग ते मेण कपाळावर सपाट पसरून त्याच्या कडेने रेघ मारली; त्या रेघेवरून कातडी सोलून काढली, पण दोन डोळ्यांच्या मधोमध एक पट्टी तशीच जोडलेली ठेवली. मग ती कातडी पीळ देऊन खाली वळवली आणि नाकाच्या जागी रोवली. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास, कातडी धरली अशी खात्री झाल्यावर, ती पट्टी तोडली.

सारी मेख त्या पट्टीत आहे. पट्टी तोडून कातडी लावली असती तर दोन दिवसांत काळी पडून गळाली असती. पट्टीतून रक्त येत होते म्हणून ती जगली, आणि ते रक्त मुख्यतः नेत्ररोहिणीच्या टोकाचे होते. त्या कारागिराने शरीरशास्त्राचे पुस्तक पाहिले असण्याचा संभव नाही. पण पाट कोठून येतो आणि किती दिवस तोडू नये, हे त्याच्या हाताला ठाऊक होते. ते पत्र वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू या सर्जनने आधी प्रेतांवर हात बसवला आणि १८१४ मध्ये ही शस्त्रक्रिया जिवंत माणसावर केली. १८१६ साली त्याने त्यावर पुस्तक लिहिले, आणि 'हिंदी पद्धत' या नावाने ती युरोपभर गेली. आजही नाकावरचा कर्करोग काढल्यावर प्लास्टिक सर्जन कपाळाची कातडी खाली आणतात तेव्हा त्याच रोहिणीची पट्टी राखतात.

जो पाट बाहेर जातो त्यातून उलटेही आत येता येते, ही त्याची दुसरी बाजू. भुवयांमधल्या आठ्या घालवण्यासाठी किंवा बसके नाक उंच दिसावे म्हणून कातडीखाली जेलसारखा पदार्थ टोचून घेण्याची टूम आता आपल्याही शहरांत आली आहे. सुई चुकून या बारीक रोहिणीत गेली आणि पिचकारीचा जोर जास्त झाला, तर तो पदार्थ उलट्या वाटेने खोबणीत शिरून दृष्टीच्या रोहिणीत अडकतो. अशा रीतीने क्षणार्धात एक डोळा कायमचा गेल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. हा अपघात विरळा आहे; पण लग्नसराईच्या आधी आठवडाभरात कोठल्याही दुकानवजा जागी हे करून घ्यावे, इतके ते साधे काम खास नाही.

आता खुद्द डोळ्यात शिरू. नेत्ररोहिणीचा सर्वांत नाजूक फाटा म्हणजे दृष्टिपटलाची मध्य रोहिणी. डोळ्याच्या मागे एक सेंटिमीटरभर अंतरावर ती मज्जातंतूत खालून घुसते आणि त्याच्या गाभ्यातून, कंदिलाच्या वातीतून तेल चढावे तशी, पुढे जाते. तिची जाडी मिलिमीटरचा साधारण सहावा हिस्सा. डोळ्यात उगवल्यावर तिच्या चार शाखा होतात, दोन नाकाकडे, दोन कानशिलाकडे. आणि शाखांना उपशाखा फुटून सगळे दृष्टिपटल व्यापले जाते. या शाखांना एकमेकींचा आधार नाही. शरीरात इतरत्र एक वाट बंद झाली तर शेजारची मदतीला येते. इथे प्रत्येकीचे शेत वेगळे. एक तुंबली की तेवढे रान सुकले.

दृष्टिपटलाची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर, पण त्याला पाणी दोन बाजूंनी मिळते. आतले थर मध्य रोहिणीवर जगतात. प्रकाश टिपणाऱ्या पेशींचा बाहेरचा थर मात्र मागच्या रंजितपटलावर अवलंबून असतो. हे रंजितपटल म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंजच. डोळ्यात येणाऱ्या रक्तापैकी फार मोठा वाटा तिकडेच जातो आणि ते पोचवायला पंधरा-वीस आखूड रोहिण्या मज्जातंतूच्या भोवतीने शिरतात. एकाच शेताला वरून पाटाचे पाणी आणि खालून विहिरीची ओल असावी, तसा हा प्रकार आहे. आणि ज्या बिंदूने आपण अक्षर वाचतो, सुईत दोरा ओवतो, त्या मध्यबिंदूवर एकही रक्तवाहिनी नाही. सुमारे अर्ध्या मिलिमीटरचे ते वर्तुळ निसर्गाने मोकळे ठेवले आहे, कारण वाहिनी आली की तिची सावली येणार. त्याचे सारे पोषण मागच्या ओलीवर.

हे सगळे कागदावर सरळ दिसते; माणसात तसे नसते. ते दाखवून देण्याचे श्रेय पतियाळाच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या सोहनसिंग हायरे आणि रामजी दास या दोघांना आहे. प्रेतांच्या रोहिण्यांत पातळ रबर भरायचे, ते घट्ट झाले की भोवतीचे मांस बारकाईने सोडवत जायचे आणि उरलेला सांगाडा भिंगाखाली पाहायचा, असे ते काम. १९६० आणि १९६२ साली त्यांचे निबंध 'ब्रिटिश जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी'त आले आणि आज ६० वर्षांनंतरही जगभर त्यांचा आधार घेतला जातो. मज्जातंतूला स्वतःची वेगळी मध्य रोहिणी असते, हे युरोपातल्या काही विद्वानांचे मत या कामापुढे टिकले नाही. शिवाय कोणत्याही दोन माणसांतले फाटे सारखे नसतात. एवढेच काय, एकाच माणसाचा डावा आणि उजवा डोळाही सारखा नसतो. काही लोकांत रंजितपटलाच्या बाजूने एक जादा रोहिणी मध्यबिंदूकडे येते. ज्याच्या नशिबी ती असते त्याची मुख्य रोहिणी बंद पडली तरी वाचण्यापुरती नजर राहू शकते. ती आहे की नाही, हे डॉक्टरांनी डोळ्यात पाहिल्याशिवाय कळत नाही. पत्रिकेत तर नसतेच.

हायरे पुढे इंग्लंडात आणि मग अमेरिकेत आयोवा विद्यापीठात गेले. ही मध्य रोहिणी बंद पडली तर दृष्टिपटल किती वेळ तग धरते, हा प्रश्न त्यांनी माकडांवर प्रयोग करून सोडवला. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत नुकसान दिसत नाही. त्यानंतर दर मिनिटाला वाढत जाते. आणि २४० मिनिटांनी, म्हणजे चार तासांनी, जवळजवळ काहीच उरत नाही.

हे आकडे घराघरात माहीत असायला हवेत. कारण माणसांत काय होते? साठीपुढचे गृहस्थ, रक्तदाब आहे, साखर आहे, कदाचित विडीचे व्यसनही. दुपारी वर्तमानपत्र वाचता वाचता एका डोळ्यासमोर काळोख होतो. दुखत काहीच नाही. ते चष्मा पुसतात, डोळे धुतात, जरा पडतात. संध्याकाळी मुलगा कचेरीतून येतो तेव्हा सांगतात. तो म्हणतो, 'उद्या सकाळी दाखवू या.' उद्या सकाळी दाखवतात तेव्हा डॉक्टरांना दृष्टिपटल दुधासारखे पांढरे पडलेले दिसते आणि मधोमध डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल ठिपका. तो ठिपका म्हणजे तो मोकळा मध्यबिंदू. तिथे पटल पातळ असल्याने मागचे रंजितपटल लाल दिसत राहते. पाठ्यपुस्तकात हे चित्र फार सुंदर दिसते. १८५९ मध्ये बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी या रोगाचे पहिले वर्णन केले, तेव्हापासून त्यावर नाना उपाय झाले. उशिरा आलेल्या रोग्याला त्यांतला एकही खात्रीने उपयोगी पडत नाही.

आता मघाशी ध्यानात ठेवायला सांगितले ते आठवावे. हा मेंदूच्या कालव्याचा पहिला पाट. मानेतल्या रोहिणीत चरबीचा थर साचून त्याची खपली सुटली तर ती डोळ्यात अडकते. दुसरी सुटेल ती मेंदूत जाईल. म्हणून एका डोळ्याची दृष्टी एकाएकी आणि न दुखता जाणे याला आता डोळ्याचा पक्षाघातच मानतात. चष्म्याच्या डॉक्टरांची वेळ घेण्याचे हे काम नव्हे. पक्षाघाताची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तडक जावे. गुठळी विरघळवणारे औषध निवडक रोग्यांना पहिल्या साडेचार तासांतच देण्याचा विचार होऊ शकतो. आणि एका डोळ्यावर पडदा उतरावा आणि पाच-दहा मिनिटांत वर जावा, सगळे पूर्ववत दिसू लागावे, असे झाले तर 'गेले एकदाचे' म्हणून सोडू नये. ती सूचना असते आणि पक्षाघाताचा धोका पुढच्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो. आजोबा 'जरा अंधारी आली' म्हणाले, तर एकेक डोळा झाकून कोणत्या डोळ्याला आली, एवढे घरच्यांनी विचारावे.

रक्त येते कसे ते झाले. जाते कसे, ते थोडक्यात. खोबणीतल्या नीला मागे त्या डोहात रिकाम्या होतात, पण पुढच्या बाजूला नाकाच्या कडेने चेहऱ्याच्या शिरांनाही मिळालेल्या असतात. यांना झडपाच नसतात, असे जुन्या ग्रंथांत लिहिलेले असे; अलीकडे काही झडपा सापडल्या आहेत, तरी रक्त उलट वाहू शकते हे खरे. म्हणून नाकपुडीवरची किंवा वरच्या ओठावरची पुळी नखाने फोडू नये, ही आजीची ताकीद शास्त्राला धरून आहे. तिथला पू उलटा चढून त्या डोहात गेला तर रक्त गोठते, ताप भरतो, पापण्या सुजतात, डोळा बाहेर येतो आणि फिरेनासा होतो, कारण डोळा फिरवणारे मज्जातंतू त्याच डोहातून आणि त्याच्या भिंतीतून जातात. पेनिसिलीन येण्यापूर्वी असा रोगी बहुधा वाचत नसे.

त्या कागदासारख्या भिंतीचा अनुभव महाराष्ट्राने २०२१ मध्ये घेतला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे रोगी आले, त्यांत आपले राज्य सर्वांत जास्त रोगी असलेल्यांपैकी होते. ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत घुसते आणि आत रक्त गोठवते. पुढचा भाग मरून काळा पडतो, त्यावरून ते नाव. नाकातून खोबणीत यायला तिला फार लांब जावे लागत नाही. जीव वाचवण्यासाठी कित्येकांचा डोळा काढावा लागला. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता, आणि स्टेरॉइडने साखर आणखी चढली होती.

मधुमेहाचा विषय निघालाच आहे आणि समोर चिरोट्यांचे ताट आहे, म्हणून एवढेच. साखरेने दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या आधी झिजतात, पाझरतात, मग बंद होतात. उपाशी पटल नव्या वाहिन्यांची हाक देते आणि त्या इतक्या ठिसूळ उगवतात, की कोणत्याही क्षणी फुटून डोळा रक्ताने भरतो. त्याआधीची कितीतरी वर्षे दिसते अगदी उत्तम! साखर कळली त्या वर्षी एकदा आणि पुढे दर वर्षी थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यावा. लेसर किंवा इंजेक्शन यांचा उपयोग वेळेवर गेले तरच होतो. हेल्महोल्ट्झने १८५१ मध्ये डोळ्यात पाहायचे यंत्र जगापुढे ठेवले, तेव्हापासून जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या कातडी न कापता उघड्या दिसण्याची ही जागा डॉक्टरांना मिळाली आहे. आपण ती वापरू देत नाही, एवढेच.

फटाक्याचा तुकडा डोळ्याला लागला तर बुबुळाच्या मुळाशी असलेल्या वाहिन्या फुटून पुढच्या पोकळीत रक्त साचते. डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये, ॲस्पिरिनची गोळी देऊ नये. वाटीसारखे काहीतरी डोळ्याला न टेकता वरून धरून, मुलाला बसवूनच, सरळ डॉक्टरांकडे न्यावे.

स्वतःच्या डोळ्यातल्या या वाहिन्या पाहण्याची हौस असेल तर यंत्र लागत नाही. जाड कागदाला टाचणीने भोक पाडा. सूर्याकडे पाठ करून, एक डोळा झाकून, दुसऱ्या डोळ्याशी तो कागद धरा आणि उजळ आकाशाकडे पाहत कागद भराभर, अगदी थोडा, गोल हलवा. वठलेल्या झाडाच्या फांद्यांसारखी जाळी दिसू लागेल. ती आपल्याच वाहिन्यांची सावली. एरवी ती हलत नाही म्हणून मेंदू तिच्याकडे लक्ष देत नाही. पाऊस संपल्यानंतरच्या या दिवसांत आकाश निळे असते, तेव्हा कागदही नको. सूर्य टाळून त्या निळाईकडे थोडा वेळ टक लावून पाहिले, की चमकणारे बारीक ठिपके वळणे घेत पळताना दिसतात. ते केशवाहिन्यांतून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी. मनगटावरच्या नाडीवर बोट ठेवून पाहिले तर दर ठोक्याला त्यांची चाल किंचित वाढलेली कळते, आणि नजरेच्या अगदी मधोमध मात्र एकही फिरकत नाही.